तीस दिवस आधी

गरोदर बाईच्या फाईलीत रक्ताचे रिपोर्ट टाचलेले असतात. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, एचआयव्ही, कावीळ-बी. त्यांच्याच रांगेत ‘व्हीडीआरएल’ अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे बहुतेक वेळा ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ छापलेलं असतं. हिमोग्लोबिन नऊवर आलं की सासूपासून दिरापर्यंत सगळं घर कामाला लागतं, बीट येतं, खजूर येतो, गूळ-शेंगदाण्याचे लाडू वळले जातात. व्हीडीआरएलबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. जळगावातलं चकचकीत प्रसूतिगृह असो, नाहीतर चोपडा तालुक्यातलं सातपुड्याच्या पायथ्याचं आरोग्य केंद्र, ही ओळ सगळीकडे सारखीच मुकी.

ही तपासणी सिफिलिसची. गावाकडे या आजाराला गरमी म्हणतात आणि तेही आवाज खाली करून. गरोदर बायकांमध्ये तो आपल्याकडे आता फार आढळत नाही, प्रमाण एक टक्क्याच्या बरंच खाली आहे. म्हणजे एखाद्या आरोग्य केंद्रात वर्षभरात असा एकही रिपोर्ट येणार नाही, एखाद्यात एक-दोन येतील. अडचण नेमकी इथंच आहे. रोज दिसणाऱ्या आजाराची यंत्रणेला सवय असते. वर्षातून एकदा येणारा ‘रिॲक्टिव्ह’ रिपोर्ट हातात पडला की पुढं काय करायचं, औषध कुठल्या कपाटात आहे, बाईला काय सांगायचं, नवऱ्याला कसं बोलवायचं, हे आठवेपर्यंत आठवडे जातात. आणि या आजारात आठवडे मोजलेले असतात.

मोजमाप सोपं आहे. आईला योग्य इंजेक्शन बाळंतपणाच्या निदान तीस दिवस आधी मिळालं, तर तिच्यावरचा उपचार बाळाच्याही कामाचा धरतात. त्यानंतर मिळालं, तर आई बरी होईल, पण बाळावर उपचार झालेला नाही असं समजून चालावं लागतं. अमेरिकेपासून जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत सगळ्यांचे नियम या एका रेषेभोवती फिरतात. म्हणून मला वाटतं, बाळाच्या सिफिलिसचा प्रश्न औषधशास्त्रापेक्षा कॅलेंडरचा जास्त आहे. खानदेशात तर तो पार कॅलेंडरचाच आहे, आणि ते कॅलेंडर दसरा-दिवाळीपाशी उलटतं.

आधी आजाराचं थोडं. ट्रेपोनेमा पॅलिडम नावाचा मळसूत्रासारखा जंतू हा रोग करतो. बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन या दोघांनी तो १९०५ साली पाहिला. लागण झाल्यावर आधी एक न दुखणारी जखम होते. न दुखणारी, म्हणून बाईच्या बाबतीत ती बहुधा लक्षातच येत नाही. काही आठवड्यांत ती आपोआप भरते. मग कधी अंगावर पुरळ येतं, तेही जातं. त्यानंतर वर्षानुवर्षं काहीच नाही. बाई शेतात राबते, पाणी भरते, तिला ताप नाही की खाज नाही. पण रक्तातला जंतू वार ओलांडून बाळापर्यंत जाऊ शकतो. लागण जितकी ताजी तितका धोका मोठा. उपचार न झालेल्या अशा गरोदरपणांपैकी निम्म्याहून अधिकांत काहीतरी विपरीत घडतं. गर्भ पोटात दगावतो, मूल अपुऱ्या दिवसांचं होतं, जन्मल्यावर काही दिवसांत जातं, किंवा रोग घेऊनच वाढतं.

व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ मॅक्स कॅसोविट्झ यांनी एकोणिसाव्या शतकात एक क्रम टिपून ठेवला होता. उपचार न मिळालेल्या आईचा पहिला गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात पडतो, पुढचा दिवस भरून मेलेला जन्मतो, त्यानंतरचा जिवंत पण रोगी, आणि काही वर्षांनी होणारं मूल ठणठणीत. प्रत्येक वेळी असंच घडतं असं नाही, पण कल दिसतो. हा क्रम आपल्या घरात कसा वाचला जातो ते पाहा. पहिलं गेलं ती नजर लागली. दुसरं गेलं ते बाहेरचं. तिसरं दुखणाईत निघालं, तेव्हा मनुदेवीला किंवा धुळ्याच्या एकवीरेला नवस झाला. चौथं जगलं आणि नवस पावला. या सगळ्या वर्षांत बाईचं रक्त एकदाही तपासलेलं नसतं आणि ‘पांढऱ्या पायाची’ हा शिक्का मात्र तिच्यावर बसलेला असतो. देवीबद्दल माझी तक्रार नाही, तिला फेडायला येणारे येऊ देत. पण दोनदा पोट रिकामं झालेल्या बाईचं व्हीडीआरएल कुणीच का बघितलं नाही, हे विचारायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगभरात जन्मजात सिफिलिसच्या सुमारे ७ लाख केसेस झाल्या. त्यांतल्या दीड लाख गर्भांचा पोटातच अंत झाला, ७० हजार बाळं जन्मानंतर लवकरच गेली, ५५ हजार अपुऱ्या दिवसांची किंवा कमी वजनाची जन्मली आणि १ लाख १५ हजार बाळांमध्ये रोगाची लक्षणं दिसली. ज्या आजारावर ऐंशी वर्षांपासून हमखास औषध आहे, त्याचे हे आकडे आहेत.

औषधाची कथा एका परीनं महाराष्ट्रातूनही जाते, पण तिची सुरुवात त्याआधीची. पोर्तुगीज आले त्याच्या आगेमागे हा रोग हिंदुस्थानात पोचला. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात भावमिश्रांनी त्याचं ‘फिरंग रोग’ म्हणून स्वतंत्र वर्णन केलं आणि पारा व चोपचिनी हे उपाय दिले. पुढं ब्रिटिशांनी १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्यात वेश्यांची नोंदणी आणि सक्तीची तपासणी होती, हेतू गोऱ्या शिपायांची प्रकृती राखण्याचा. बाळंतिणीचा आणि बाळाचा त्यात विचारच नव्हता. १८८८ साली तो रद्द झाला. मराठीत या विषयावर उघड बोलण्याचं धाडस केलं ते रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. १९२७ साली सुरू झालेलं त्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९५३ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूपर्यंत चाललं, आणि खटले अंगावर घेत त्यांनी गुप्तरोगांचा विषय लावून धरला. आज शंभर वर्षांनीही त्यांच्याइतकं सरळ बोलायला आपण कचरतो.

१९४३ साली अमेरिकेत डॉ. जॉन महोनी यांनी पेनिसिलिननं सिफिलिस बरा होतो हे दाखवलं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला बेंझाथिन पेनिसिलिन आलं. ते स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरतं, त्यामुळं रोज टोचायची गरज उरली नाही. त्याच सुमाराला, १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीनं पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्या वर्षी तिथून पेनिसिलिन बाहेर पडू लागलं. नव्वदनंतर स्वस्त चिनी मालापुढं देशातलं पेनिसिलिनच्या कच्च्या मालाचं उत्पादन बंद पडत गेलं. ते पुन्हा सुरू व्हायला २०२४ साल उजाडलं, तेही पिंपरीत नव्हे, आंध्रात काकीनाड्याजवळ. मधल्या काळात जगभर या साध्या इंजेक्शनचा तुटवडा पडला. २०२३-२४ मध्ये अमेरिकेवर फ्रान्स आणि पोर्तुगालमधून ते मागवायची पाळी आली. फार नफा नसलेल्या औषधाचं असं होतं.

गरोदर बाईसाठी याला पर्याय नाही. डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात चालत नाही. एरिथ्रोमायसिन आणि अझिथ्रोमायसिन यांच्यावर बाळाच्या बाबतीत भरवसा ठेवता येत नाही. मात्रा आहे २४ लाख युनिट, दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी. लागण अलीकडची आहे याची खात्री असेल तर एकदाच. खूप जुनी असेल किंवा किती जुनी ते सांगता येत नसेल, तर आठवड्याच्या अंतरानं तीनदा. आपल्याकडे बाईला लागण कधी झाली हे बहुधा तिलाच माहीत नसतं, म्हणून तीन आठवडे धरूनच चालावं लागतं. इंजेक्शन चांगलंच दुखतं, दाट असल्यानं सुईत अडकतं. पण वेळेवर दिलं तर त्याची करामत मोठी आहे. उपचारानं मृतजन्म सुमारे ८० टक्क्यांनी आणि बाळातला उघड रोग ९७ टक्क्यांनी घटतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दिसलं आहे.

आता तीन आठवडे आणि तीस दिवस हे दोन आकडे घेऊन खानदेशात येऊ.

धुळे हे चौफुलीचं शहर. मुंबई-आग्रा रस्ता इथूनच शिरपूर, सेंधव्याकडे जातो, सुरत-नागपूर रस्ता त्याला इथंच छेदतो, आणि एक फाटा सोलापूरकडे वळतो. जळगाव जिल्ह्यात भुसावळ हे देशातल्या मोठ्या जंक्शनांपैकी एक. तिथून अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत सुरतेला जाणारी तापी काठची रेल्वे म्हणजे खानदेशची रोजगाराची वाट आहे. सुरतेच्या लिंबायत, उधन्यात चालत जा, अहिराणी कानावर पडते. ट्रक, रेल्वे, कापड गिरण्या, ऊसतोड असं सगळं हलतं जग. गुप्तरोगांचे कार्यक्रम आखणाऱ्यांनी ट्रकचालकांकडे आणि स्थलांतरित मजुरांकडे वेगळं लक्ष दिलं ते उगाच नाही. पण माणसं हलतात म्हणून रोग पसरतो, इतकंच सांगून थांबणं मला अर्धवट वाटतं. माणसं हलतात म्हणून उपचार तुटतो, ही त्याची दुसरी आणि जास्त महत्त्वाची बाजू आहे.

साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या पुढच्या एखाद्या पाड्यावरची बाई डोळ्यांपुढं आणू. ही कुणी विशिष्ट बाई नव्हे, पण असा हिशोब तिथल्या कितीतरी जणींना लागू पडतो. तिला दिवस गेले चैत्राच्या अखेरीला. पावसाळ्यात ती घरी आहे, पेरणी-निंदणी चालू आहे. आषाढ-श्रावणात आशाताईनं नाव नोंदवलं, माता-बाल संरक्षण कार्ड मिळालं. त्याच दिवशी रक्त तपासलं आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू झालं, तर पोळ्याच्या आत तिन्ही डोस संपतात आणि बाळ सुरक्षित. पण नमुना तालुक्याला गेला, रिपोर्ट यायला वेळ लागला, आला तो वहीत पडून राहिला, मध्ये दोनदा पाऊस आणि एकदा मोहीम आली, तर दसरा येतो. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. दिवाळीच्या पुढं-मागं टोळी बारडोलीकडच्या उसाच्या फडावर निघून जाते. पौषात ती बाळंत होणार. म्हणजे तीस दिवसांची शेवटची तारीख मार्गशीर्षात, गुजरातेत, पालावर. तिच्या नावाची नोंद साक्रीत, तिचं पोट बारडोलीत. त्या तारखेला तिला कोण शोधणार?

पाड्यावरच्या बाईचं राहू द्या. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातली खाऊनपिऊन सुखी घरातली सून घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला जुना रिवाज. सातव्या महिन्यात ओटी भरली की ती निघते. माहेर सुरतेला असेल, नाशिकला असेल, बऱ्हाणपूरला किंवा सातपुड्यापलीकडं खरगोनला असेल. आतापर्यंत ज्या डॉक्टरांनी तपासलं ते सुटले, ज्यांच्याकडे बाळंतपण होणार त्यांच्यापुढं ती नवी. सातवा महिना ते नववा महिना, म्हणजे उपचाराची शेवटची संधी असलेलाच काळ, दोन डॉक्टरांच्या मध्ये लोंबकळतो. फाईल सोबत गेली तर ठीक. पण ज्या रिपोर्टची लाज वाटते तो कागद फाईलीतून काढून ठेवला जातो, हेही आपण जाणतो. माहेरच्यांनी बघितलं तर काय म्हणतील, या धास्तीनं.

तपासणीची अडचण अलीकडे बरीच सुटत आली आहे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देणाऱ्या पट्ट्या आहेत, आणि एकाच पट्टीवर एचआयव्ही व सिफिलिस दोन्ही कळणारे किटही कार्यक्रमात आले आहेत. हे किट फार आधी यायला हवं होतं. कितीतरी वर्षं आपल्याकडे गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी कटाक्षानं व्हायची, तिचा पाठपुरावा व्हायचा आणि त्याच हातातून त्याच वेळी होऊ शकणारी सिफिलिसची तपासणी राहून जायची. कारण एका आजाराला निधी, समुपदेशक आणि रकाना होता, दुसऱ्याला नव्हता. एड्स नियंत्रणाच्या पाचव्या टप्प्यात २०२५ पर्यंत आईकडून बाळाला होणारी एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्हींची लागण संपवायचं उद्दिष्ट एकत्र मांडलं गेलं, हे उशिरा का होईना, शहाणपणाचं झालं.

पट्टीची एक मेख मात्र लक्षात ठेवायला हवी. ही पट्टी एकदा सिफिलिस होऊन गेलेल्या बाईत, उपचार पूर्ण झाले असले तरी, बहुधा आयुष्यभर ‘पॉझिटिव्ह’ दाखवते. रोग आत्ता चालू आहे का, हे ठरवायला व्हीडीआरएल किंवा आरपीआर लागते, तेही त्याची पातळी आकड्यात सांगणारी. उलट व्हीडीआरएल कधी मलेरिया, कुष्ठरोग किंवा नुसत्या गरोदरपणामुळंही खोटी ‘रिॲक्टिव्ह’ येते. म्हणून दोन्ही तपासण्या लागतात. पण मोठ्या दवाखान्यातल्या दुसऱ्या तपासणीची वाट बघत पहिलं इंजेक्शन थांबवायचं का? जिथं बाई परत येईल याची शाश्वती नाही तिथं थांबू नये, पहिला डोस लगेच द्यावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चुकून एक जादा इंजेक्शन झालं तर बाईची कंबर दोन दिवस दुखेल. न दिल्यानं काय होईल ते वर आलंच आहे.

तरी इंजेक्शन लगेच दिलं जात नाही, त्यामागं एक खरी भीती आहे. पेनिसिलिनची रिॲक्शन. सुई टोचली आणि पेशंट टेबलावर गेला, ही गोष्ट प्रत्येक डॉक्टरनं शिकताना कुठंतरी ऐकलेली असते. त्यातून दवाखान्यांवर होणारी दगडफेक आठवली की खासगी डॉक्टर म्हणतात, सिव्हिलला जा. आरोग्य केंद्र म्हणतं, उपजिल्हा रुग्णालयात जा. उपजिल्हा रुग्णालय म्हणतं, धुळ्याला जा. बाई घरी जाते. प्रत्यक्षात जीवघेणी रिॲक्शन लाखात एक ते तीन जणांना येते, आणि ॲड्रेनलिन हाताशी असेल तर तिच्यावरही उपाय आहे. ब्राझीलमध्ये हेच घडत होतं. छोट्या केंद्रांतल्या परिचारिका हे इंजेक्शन द्यायला धजत नव्हत्या. शेवटी २०११ साली तिथल्या आरोग्य मंत्रालयाला हुकूम काढावा लागला की प्राथमिक केंद्रांतच पेनिसिलिन द्यायचं. नुसत्या हुकमानं सगळं सुधारलं नाही. ब्राझीलमध्ये अजूनही वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास जन्मजात सिफिलिसच्या केसेस नोंदल्या जातात. पण रोग कुठं अडतो हे त्यांनी निदान नाव घेऊन सांगितलं.

आठवड्याच्या तीन डोसांबाबत मला एक साधी गोष्ट सुचते. डोसांमधलं अंतर सात दिवसांचं असावं. अमेरिकेचे नियम गरोदर बाईच्या बाबतीत नऊ दिवसांपुढं गेलेलं अंतर चालवून घेत नाहीत, पहिल्यापासून मोजायला लावतात. जागतिक आरोग्य संघटना चौदा दिवसांपर्यंत सूट देते. आपल्या बाईला सोमवार-मंगळवार लक्षात राहील न राहील, बाजाराचा दिवस चुकत नाही. ज्या गावच्या आठवडे बाजाराला ती येतेच, त्या गावच्या केंद्रात बाजाराच्या दिवशी डोस ठेवला, तर वेगळी मजुरी बुडत नाही आणि शेजारीण विचारत नाही की कुठं निघालीस.

बाळांमधला हा रोग हटवलेले देश श्रीमंत आहेत असं नाही. क्युबा हा पहिला. जून २०१५ मध्ये आईकडून बाळाला होणारी एचआयव्ही व सिफिलिसची लागण संपवल्याचं प्रमाणपत्र त्याला मिळालं. २०१६ मध्ये थायलंड, मग मलेशिया, २०१९ मध्ये मालदीव आणि श्रीलंका. प्रमाणपत्राची अट कडक आहे. शंभरातल्या पंच्याण्णव गरोदर बायकांची तपासणी, सापडलेल्यांपैकी पंच्याण्णव टक्के जणींवर उपचार आणि एक लाख जिवंत जन्मांमागं जास्तीत जास्त ५० केसेस. श्रीलंकेची गोष्ट आपल्याला जवळची. तिथं १९५२ पासून गुप्तरोगांविरुद्ध सरकारी मोहीम आहे, आणि गावोगावची सरकारी सुईण प्रत्येक गरोदर बाईचं घर ओळखते. तिचं काम नोंदणीवर संपत नाही. बाई रक्त द्यायला गेली का, रिपोर्ट आला का, इथपर्यंत ती पाठ सोडत नाही. आपल्या आशाताई आणि सिस्टर यांच्यापेक्षा तिच्याकडे काही दैवी सामर्थ्य नाही. तिच्याकडे रजिस्टरं कमी आणि बायका ठरलेल्या असाव्यात, एवढाच माझा तर्क.

दुसऱ्या टोकाला अमेरिका. २०१२ साली तिथं जन्मजात सिफिलिसच्या ३३५ केसेस होत्या, २०२३ मध्ये त्या ३,८८२ झाल्या. त्या वर्षी २७९ बाळं मृत जन्मली किंवा जन्मून दगावली. दहातल्या जवळपास नऊ केसेस वेळेवर तपासणी आणि उपचार झाले असते तर टळल्या असत्या, असं त्यांचीच रोगनियंत्रण संस्था म्हणते. या बाळांच्या आयांपैकी जवळपास निम्म्या जणींचा उपचार झालाच नव्हता, किंवा अर्धवट वा उशिरा झाला होता. म्हणजे तिथंही तपासणी आणि सुई यांच्यामधली फटच नडली. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं प्रत्येक गरोदर बाईची तीनदा तपासणी करा असं सांगितलं: पहिल्या भेटीत, शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणाच्या वेळी. अमेरिकेचा आकडा इतका मोठा दिसण्याचं आणखी एक कारण आहे. आईचा उपचार अपुरा असेल, तर बाळ वरून कितीही गुटगुटीत दिसो, तिथं ती केस धरतात. मृतजन्मही धरतात. आकडा लहान हवा असेल तर सोपी युक्ती आहे, मोजूच नये.

बाळाकडे वळू. सिफिलिस घेऊन जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिक जन्मताना अगदी ठीक दिसतात. काही आठवड्यांनी नाक गळायला लागतं, ते सर्दीसारखं वाटतं. तळहात-तळपायांवर पुरळ, सोललेली कातडी, फुगलेलं पोट, कावीळ, हातपाय हलवायला न मागणारं मूल. काहींमध्ये वर्षानुवर्षांनी दातांना खाचा, डोळ्यांवर सारा, बहिरेपण. बाळाचं रक्त तपासलं आणि ‘रिॲक्टिव्ह’ आलं तर तेवढ्यानं काही सिद्ध होत नाही, कारण आईची प्रतिपिंडं नाळेतून बाळात आलेलीच असतात. म्हणून आईची आणि बाळाची आरपीआर पातळी शेजारी-शेजारी ठेवून बघतात. बाळाची आईच्या चौपट असेल तर रोग नक्की. नसेल तरी आईचा उपचार कधी आणि कसा झाला, यावर निर्णय ठरतो. इथं देशागणिक थोडा फरक आहे. आईचा उपचार वेळेत पूर्ण झालेला आणि बाळ ठणठणीत असेल, तर जागतिक आरोग्य संघटना नुसतं लक्ष ठेवायला सांगते, अमेरिकेत बहुधा खबरदारी म्हणून बाळाला बेंझाथिनचा एक डोस देऊन मोकळे होतात. आईचा उपचार राहिला असेल तर मात्र सगळीकडे बहुधा एकच उत्तर. दहा दिवस पेनिसिलिन, रोज. संघटनेच्या शिफारशीत ते पंधरापर्यंत जातं. आणि अमेरिकेच्या नियमांनुसार मध्ये एका दिवसाहून अधिक खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून.

दहा दिवस. जळगावच्या किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नवजात कक्षात बाळाला दहा दिवस ठेवायचं, हे ऐकताना सोपं आहे. बाळ तर दूध पितंय, रडतंय, गोरंगोमटं दिसतंय. पाचव्या दिवशी पाचवी पुजायची असते, सटवाई बाळाच्या कपाळी लिहायला येणार, तेव्हा बाळ घरात नको का? आजी हटून बसते. बाप गावी गेलेला, मोठं मूल शेजारी ठेवलेलं. ‘विनंतीवरून डिस्चार्ज’ हे शब्द केसपेपरवर येतात आणि पाच दिवसांचं पेनिसिलिन वाया जातं. नवजात कक्षातल्या सिस्टरना हे सगळं पाठ आहे. माझ्या मते त्यांनी पाचवीशी भांडू नये. पाचवी दवाखान्याच्या कोपऱ्यात पुजू द्यावी, आणि बाराव्या दिवशीच्या बारशाला बाळ घरी असेल हा शब्द द्यावा. दहा दिवसांचा कोर्स बारशाच्या आत संपतो, हे गणित आजीला लगेच पटेल.

नवऱ्याबद्दल सगळेच जपून बोलतात. त्याच्यावर उपचार झाला नाही, तर बाईला पुन्हा लागण होऊ शकते आणि आधीची तिन्ही इंजेक्शनं फुकट जातात. सरकारी रुग्णालयांतल्या गुप्तरोगांच्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये जोडीदारालाही औषध मोफत मिळतं, समुपदेशकही असतो. क्लिनिकच्या औषधांचे संच रंगांनी ओळखले जातात. सिफिलिससारख्या जखमेचा संच पांढरा, त्यात हेच २४ लाखांचं इंजेक्शन असतं. पण तिथवर पोचायचं कुणी? तपासणी बाईची झाली, म्हणून रोग बाईनं आणला असा अर्थ घरात लागतो. तिला आधी कळलं, एवढाच तिचा दोष. आणखी एक अवघड गाठ आहे. जी आशाताई पाठपुरावा करणार ती त्याच गावची, पुष्कळदा त्याच भावकीतली. तिनं रोज घरी जावं ही यंत्रणेची अपेक्षा, आणि तिनंच येऊ नये ही बाईची. अशा वेळी आशाताईकडे रोगाचं नाव नसावं, फक्त तारीख असावी. अमुक दिवशी इंजेक्शन आहे, चल. गरोदर बाईला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला आपण नेतोच की.

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे महाविद्यालय जुनं, जळगावचं २०१८ चं. पट्टी आहे, औषध आहे, दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांच्या तपासणीचं अभियान आहे. नसलेल्या गोष्टी थोड्याच, आणि त्या जिल्ह्याच्या हातातल्या आहेत. मेलेलं मूल जन्माला आलं की आपल्याकडे घाईघाईनं पुरतात आणि आईला घरी पाठवतात. तिचं रक्त तपासायचं कुणाला सुचत नाही. माता आणि बालमृत्यूंची चौकशी करायची पद्धत जिल्ह्याजिल्ह्यांत आहेच. दोन्ही जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांनी एवढं करावं: दवाखान्यात झालेल्या प्रत्येक मृतजन्मानंतर आईची सिफिलिस तपासणी सक्तीची करावी, रिॲक्टिव्ह निघालेल्या बाईला घरी सोडण्याआधी पहिला डोस द्यावा, टोळ्या निघण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आत, ऊसतोडीला जाणाऱ्या गरोदर बायकांची यादी करून त्यांची तपासणी आणि तिन्ही डोस संपवावेत, आणि किती जणींचे डोस राहिले तो आकडा दर महिन्याच्या बैठकीत मोठ्यानं वाचावा.